रामाजींच्या हातचं शिसं

मी बोलतोय समुद्राच्या तळावरून. देवगडच्या बंदरातून होडीनं दीड तास आत आलं की खाली एक मोठा खडक आहे. त्याच्या कपारीत मी अडकून पडलोय. अंगानं शिसं, वजनानं तीनशे ग्रॅमला थोडा जास्त, लांबीला वीतभरही नाही. मला जिग म्हणतात. जिग म्हणजे धातूचा खोटा मासा. दोरीला बांधून तळाला सोडायचा, तळ लागला की झटके देत वर नाचवायचा आणि खऱ्या माशाला फसवायचं. माझा जन्मच फसवण्यासाठी झाला, पण आज जे सांगणार आहे ते अगदी खरं आहे. ते खरं आहे हे कुणाला तरी पटावं, एवढ्यासाठीच तोंड उघडलं आहे.

गाव विचाराल तर मी नागपूरचा. हसू नका. जिथून समुद्र गाठायचा तर रेल्वे आणि एसटी मिळून दीड दिवस लागतो, त्या नागपुरात, हिंगणा रोडवरच्या डिगडोहमध्ये, एका टिनाच्या शेडखाली माझा जन्म झाला. त्याआधीही मी होतोच म्हणा. वाडीच्या रस्त्यावर टायरची दुकानं आहेत. गाडीचं चाक डुगडुगू नये म्हणून रिंगला शिशाचे छोटे तुकडे ठोकतात. त्यातले जुने काढलेले तुकडे डब्यात पडून असतात. मीही तसाच पडून होतो. रामाजींनी तो डबा उचलून आणला, तिथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

रामाजी एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. लाकडाचा नमुना वाळूत दाबायचा, तो अलगद काढायचा आणि पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. त्यांच्या हाताला असं वळण होतं की नमुना काढताना वाळूचा एक कण ढासळायचा नाही. पण ती वाळू हळूहळू त्यांच्या छातीत गेली. पायऱ्या चढले की ते थांबायचे, खोकायचे, आणि कुणी पाहत असेल तर चपलेतला खडा काढल्यासारखं करायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा अंकुश. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीचं पत्र आलं. विमानांची दुरुस्ती, स्वच्छ हॉल, वर थंड हवा. रामाजींनी ते पत्र देवासमोर ठेवलं. त्याच महिन्यात अंकुश मित्राच्या लग्नाला देवगडला गेला, एका सकाळी केशव तांडेलांच्या होडीवर चढला आणि परत आला तो घरात राहायला नाही, निरोप घ्यायला. तांडेलांच्या होडीचं इंजिन सांभाळायचं, हौशी लोकांना गळ टाकायला समुद्रात न्यायचं, हेच काम करीन म्हणाला.

"मायी छाती वाळूनं भरली," रामाजी म्हणाले. "तुयी भरू नये म्हणून मी राबलो. अन् तू समुद्रात जाऊन राहिला?"

"तिथं हवा साफ आहे ना जी बाबा."

"जा मग. पण माया हातचं काही मांगू नको."

हे मला नंतर कळलं. ज्या घरात बोलणं बंद असतं, तिथं जुनं बोलणंच भिंतींमधून फिरत राहतं. दोन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. फोन आईला यायचा. ती, पुष्पलताबाई, मुद्दाम मोठ्यानं बोलायची, म्हणजे पलीकडे पेपर वाचणाऱ्याला ऐकू जावं. आणि पेपर वाचणारा बराच वेळ पान उलटायचा नाही.

एकदा अंकुश आईला म्हणाला, "अवं आई, जिग लई अडकतात. तळाला खडक आहे. रोज एखादी तरी जाते. बाबाच्या हाताले ओतकाम येते ना, म्हणून आठवलं." ताकाला जाऊन भांडं लपवणं यालाच म्हणतात. त्याला जिग हव्या होत्या की बाप हवा होता, ते आईला लगेच कळलं. तिनं त्याचं बोलणं मोठ्यानं परत म्हटलं, फोन ठेवला आणि पोहे टाकायला गेली. मागून आवाज आला, "कसे असते म्हणे ते? लांब का चपटे?"

माझा जन्म असा झाला. रामाजींनी सागवानाचा तुकडा तासून मासोळीसारखा नमुना केला. वाळू चाळली. नमुना वाळूला चिकटू नये म्हणून त्यावर भुकटी मारावी लागते. ती घरात कुठून येणार? त्यांनी पुष्पलताबाईंच्या पावडरचा डबा उचलला.

"आईका ना जी, तो माया तोंडाचा पावडर आहे!"

"अवं, पोराच्या मासोळीले लावून राहिलो. तुले दुसरा आणतो."

मी ओतला गेलो तेव्हा माझ्या अंगाला गुलाबाचा वास होता. शेंडी-बुडाशी तारेच्या कड्या, कानशीनं घासलेल्या कडा, वरून चंदेरी रंग, आणि अगदी बारीक कुंचल्यानं काढलेला काळा डोळा. ऐंशी ग्रॅमचा होतो मी. रामाजींनी तळहातावर घेऊन मला खूप वेळ पाहिलं. एवढ्या कौतुकानं त्यांनी मुलाकडे पाहिलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

आता परीक्षा. सावनेरच्या रस्त्याला त्यांच्या साळ्याचं शेत आणि शेतात तीस हात खोल विहीर. रामाजी चार-पाच आकाराच्या जिग पिशवीत घालून स्कूटरवर तिथं गेले. धाग्याला बांधून एकेकीला विहिरीत सोडलं आणि मोठ्यानं आकडे मोजले. लांब निमुळती होती ती दगडासारखी सरळ खाली गेली. "ही नाही," ते म्हणाले. "मेलेली मासोळी अशी जाते काय?" मी चपटा, मधे फुगीर. मी डोलत, गिरक्या घेत, चमकत खाली गेलो. चौदाव्या आकड्याला धागा सैल पडला. तळ लागला. रामाजींचा चेहरा विहिरीच्या काठावरून खाली डोकावत होता, आणि ते एकटेच हसत होते.

निवड माझी झाली. पुढच्या सगळ्या माझ्यासारख्याच ओतल्या गेल्या. त्या हसऱ्या चेहऱ्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं. समुद्राचं पाणी चालतं. ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नाही त्याला हे कोण सांगणार? फाउंड्रीत एकतीस वर्षांत एक साचा न चुकलेला माणूस इथं चुकला, आणि केवढ्या प्रेमानं चुकला!

पार्सल देवगडला पोचलं. अंकुशनं त्या दिवशी मलाच पहिल्यांदा दोरीला बांधलं. बांधण्याआधी मला नाकाशी नेलं. गुलाबाचा वास अजून थोडा होता. मला सोडलं तसा मी डोलू लागलो, गिरक्या घेऊ लागलो, जसं शिकवलं होतं तसंच सगळं केलं. पण खाली जाण्याऐवजी मी मागं मागं जाऊ लागलो. पाण्यानं मला धरून नेलं. दोरी तिरकी होत गेली, संपत आली, पण तळ आलाच नाही.

"ह्यां हलकां पडता रे," केशव तांडेल म्हणाले. "पाण्याक ओढ आसा. बापाशीक सांग, जड कर म्हणान."

संध्याकाळी खोलीत फोन वाजला. दोन वर्षांनी पहिल्यांदा पडद्यावर बाबाचं नाव होतं. अंकुश उभाच राहिला. पलीकडून ना कसा आहेस, ना जेवलास का. एकच प्रश्न आला.

"तळ लागला काय गा?"

मी त्याच्या समोर टेबलावर पडलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर खरं आलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण त्या प्रश्नात दोन वर्षांचं न बोललेलं सगळं होतं, आणि नाही म्हणायचा धीर त्याला झाला नाही.

"लागला ना जी बाबा. एकदम लागला."

"चौदा मोजले का?"

"चौदाच."

पलीकडे एक दीर्घ श्वास आणि मग खोकला. "आणखी पाठवतो," रामाजी म्हणाले.

आणि ते पाठवत राहिले. दर दोन महिन्यांनी एक पुडकं. अंकुश ते उघडायचा, एकेक मासा हातात घ्यायचा, पुन्हा नागपूरच्या पेपरमध्ये गुंडाळायचा आणि खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. होडीवर मात्र दुकानातल्या जड जिग चालायच्या. खाटेखाली पडल्या पडल्या मी दर रविवारी ऐकायचो. "तळ लागला काय?" "लागला ना जी." "काय आलं?" "तांबोशी आली बाबा. परवा एक गोबरा, एवढा मोठा." मासे खरे होते. ते आमच्यावर आले नव्हते, एवढंच. नवीन येणारी भावंडं डब्यात शिरली की तिकडची बातमी सांगायची. रामाजी आता शेजारच्यांना समुद्रातल्या माशांची नावं सांगतात. खोकला वाढला आहे. ओतताना मधेच खाली बसतात. पुष्पलताबाई ओरडतात, "पुरे करा ना जी, तो धूर छातीत जाऊन राहिला," तर म्हणतात, "पोराचं काम थांबीन ना."

एक खोटं झाकायला माणसं दुसरं खोटं बोलतात, हे मी पुष्कळ ऐकलं आहे. पण इथं त्या खोट्याला रोज धूर लागत होता, आणि तो बापाच्या छातीत जात होता. अंकुशला हे कळत नव्हतं असं नाही. "बाबा, आता बस करा, लई झाल्या," असं तो दोनदा म्हणाला. "काहून? अडकत नाहीत काय आता?" असं रामाजींनी विचारलं की तो म्हणायचा, "अडकतात ना." आमच्यातली एकही अडकली नव्हती. अडकायला तळ तर लागायला हवा.

तीन वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात रामाजी न कळवता देवगडला आले. हातात संत्रा बर्फीचा डबा आणि चिवड्याची पिशवी. अंकुश बर्फ आणायला बंदरावर गेला होता. रामाजींनी खोली पाहिली, मुलाची खाट नीट केली आणि पिशवी ठेवायला खाली वाकले. हात पत्र्याला लागला.

झाकण उघडलं. बासष्ट मासे. एकाच्याही रंगावर चरा नाही, एकाच्याही डोळ्याचा काळा ठिपका पुसलेला नाही. रामाजींनी मला उचललं. माझी ओळख त्यांना लगेच पटली, कारण पहिल्या साच्याची कड जरा जाड आली होती. ते जमिनीवर बसून राहिले. रडले नाहीत. अंकुश दारात आला, त्याच्या हातातून बर्फाची पिशवी सुटली. रामाजींनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "भूक लागली गा. काही आहे काय खायले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते होडीवर चढले. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. खडकाजवळ आल्यावर त्यांनी मला काढलं आणि मुलाला म्हणाले, "बांध." मग रीळ न धरता दोरीच बोटावर घेतली आणि मला सोडलं. मोजायला लागले. चौदा झाले. तीस झाले. साठ झाले. मी जीव तोडून खाली जायचा प्रयत्न करत होतो. आयुष्यात एकदाच मला वाटलं, आपण थोडे जड असतो तर! दोरी मागं तिरकी पसरली होती आणि रामाजींच्या बोटावर ताणून बसली होती. शंभरावर त्यांनी मोजणं थांबवलं.

"बाबा, म्या…" अंकुश त्यांच्या शेजारी बसला. तो म्हणाला, "तुमी पुन्हा बोलणं बंद करान, असं वाटलं जी मले."

रामाजींनी बोटाकडे पाहिलं. दोरीनं तिथं लाल वळ उठला होता. "पाणी ओढते," ते म्हणाले. "हे तं मले मालूमच नव्हतं. एकदा सांगतलं असतं, तं तेव्हाच जड केलं असतं ना बाप्पा. किती सोपं होतं."

एवढंच. जाताना त्यांनी बासष्टच्या बासष्ट मासे पिशवीत भरले. परतीच्या गाडीत आम्ही पाच किलो शिसं त्यांच्या मांडीवर होतो. लोक म्हणाले, काका, पिशवी खाली ठेवा. त्यांनी ठेवली नाही.

डिगडोहला आल्यावर त्यांनी भट्टी पेटवली आणि आम्हाला सगळ्यांना एकाच कढईत टाकलं. चंदेरी रंग जळाला, डोळे जळाले, आम्ही एक झालो. आता नमुना नवा होता. लांब, निमुळता, बुडाकडे जड. पहिल्या दिवशी विहिरीत जिला नाकारलं होतं, तिच्यासारखाच. या वेळी विहिरीवर जाणं नाही, आकडे मोजणं नाही. ते डोळे मिटायचे, बोट ताणून धरायचे, ती समुद्राची ओढ आठवायचे आणि नमुन्यावर कानस फिरवायचे. पण आता हात थरथरत होते. पहिला मासा अर्धाच भरला. दुसऱ्याला भेग गेली. तिसरा मी. मला घासायला त्यांना नऊ दिवस लागले. रंग दिला नाही. "तितक्या खोल रंग कोण पाहते," असं म्हणाले. डोळा तेवढा काढला. तो वाकडा आला.

मला पुष्पलताबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "पोरगा आला का दे. अन् विचारजो, तळ लागला काय. लागला नाही तं नाही म्हण म्हणा. आता मी रागावत नाही."

त्या वेळी त्यांना पलंगावरून उठता येत नव्हतं. अंकुश गाडीत होता. वर्ध्याला गाडी पोचली तेव्हा रामाजी गेले. सव्वा तासाचं अंतर राहिलं होतं.

तेरावं झाल्यावर आईनं मला पदरातून काढून मुलाच्या हातावर ठेवलं आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला. अंकुशनं मला नाकाशी नेलं. या खेपेलाही त्यांनी पावडर वापरली होती. तो तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मले फोन करजो," ती म्हणाली. "बाबाच्या नावानं मीच विचारीन."

महिन्याभरानं तो मला घेऊन समुद्रात आला. त्या दिवशी पाहुणे नव्हते. होडीवर तो आणि केशव तांडेल, दोघंच. त्यानं मला बांधलं, बापासारखी दोरी बोटावर घेतली आणि सोडलं.

मी निघालो. ओढ आली, तीच जुनी ओढ. तिनं मला धरायला पाहिलं, पण मी बासष्ट जणांचं शिसं होतो आणि रामाजींच्या शेवटच्या नऊ दिवसांचं काम होतो. मी सरळ गेलो. वर तो मोजत असेल. उजेड हिरवा झाला, मग काळसर झाला. आणि मग माझं नाक खडकावर टेकलं. टक्. दोरी सैल पडली.

तळ लागला.

आता इथं एक नियम आहे. तळ लागला की त्याच क्षणी दोन-तीन हात वर ओढायचं, नाहीतर जिग कपारीत जाते. अंकुश हे येणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला बजावून सांगायचा. पण त्या दिवशी त्यानं दोरी ओढली नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे. सैल दोरी बोटावर घेऊन तो तसाच उभा राहिला. पुन्हा ओढली तर तो क्षण संपला असता. होडी वाहत राहिली, मी घसरलो आणि कपारीत गेलो. मग दोरी ताणली गेली. वरून खूप झटके आले. या बाजूनं, त्या बाजूनं. तांडेल सुरी पुढं करत असतील आणि तो नाही म्हणत असेल. शेवटी दोरी एकदम हलकी झाली आणि सगळं शांत झालं.

त्याला वाटत असेल, बाबाच्या हातचं शेवटचंही आपण घालवलं. तसं नाही रे. मला इथंच यायचं होतं.

आता मी इथं आहे. अंगावर पांढरी कवचं चढली आहेत, वाकडा डोळा बुजत आला आहे. वरून रोज दुसऱ्या जिग येतात, तळाला टेकतात, नाचत वर जातात. मी त्यांना पाहतो. एक काळजी मात्र कपारीत माझ्याबरोबर अडकून बसली आहे. त्या संध्याकाळी बंदरावर पोचून अंकुशनं आईला फोन केला असेल. तिनं ठरल्याप्रमाणे विचारलं असेल, तळ लागला काय. आणि तो म्हणाला असेल, लागला ना वं आई. तीन वर्षं हेच शब्द त्यानं खोटे वापरले. आता खरं सांगायला त्याच्याकडे दुसरे शब्दच उरले नाहीत. तिनं विश्वास ठेवला असेल का?

म्हणून मी बोललो. तुमच्या घरी कुणी तुमच्यासाठी प्रेमानं काही चुकीचं करत असेल, तर त्याला वेळेवर सांगा. हलकं पडत असेल, तर हलकं पडतं म्हणा. भट्टी पेटवायला तो आहे, तोवरच म्हणा. आणि कधी हिंगणा रोडनं गेलात तर डिगडोहला थांबा. टिनाच्या शेडचं घर कुणीही दाखवील. पुष्पलताबाईंना सांगा, तुमच्या पोरानं या वेळी खोटं सांगितलं नाही. तळ लागला. मी तिथूनच बोलतोय.